जुनी पदे, नवा पडदा

एके काळी गाजलेले संगीत नाटक, किंवा गाण्यांनी नटलेला जुना बोलपट, नव्या नटांनिशी व नव्या वाद्यमेळानिशी पुन्हा पडद्यावर आणण्याचा प्रघात आपल्या महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत चांगलाच रुजला आहे. इ. स. २०१२ मध्ये 'तुकाराम' आला, २०१५ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आला, २०२३ मध्ये 'श्यामची आई' पुन्हा अवतरली आणि २०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' झळकले. हे चारही चित्रपट घरातील लहानथोरांनी एकत्र बसून पाहावेत अशाच जातीचे आहेत. परंतु ते पाहून परत येताना लहानांचे व थोरांचे एकमत क्वचितच होते. वडील मंडळी म्हणतात, 'मूळची सर नाही.' मुले विचारतात, 'मूळ पाहिले आहे कोणी?'

मुलांच्या ह्या प्रश्नात उद्धटपणा मुळीच नाही. बल्लारपुरातील पंधरा वर्षांच्या मुलास भामिनी, खाँसाहेब किंवा श्यामची आई ह्यांची पहिली ओळख नव्या चित्रपटातूनच होणार, आणि बहुधा शेवटचीही तीच असणार. तेव्हा नव्या दिग्दर्शकाने जे राखले तेवढेच त्या मुलाच्या वाट्यास आले, आणि जे गाळले ते त्याच्यापुरते नाहीसेच झाले. म्हणून अशा पुनर्निर्मितीत नेमके काय घडते, कोणती जुनी कृती नव्या पडद्यावर टिकते व कोणती डळमळते, ह्याचा थोडा विचार विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

आपले गाव सागवानाच्या बाजाराचे. जुना वाडा उतरविताना निघालेली सागाची तुळई कोणी जाळीत नाही, हे येथील प्रत्येक सुतार जाणतो. ती पुन्हा करवतीखाली जाते, रंधली जाते आणि नव्या घरात दार किंवा पलंग होऊन बसते. पण तुळई पोकळ निघाली तर कितीही रंधा मारा, दार उभे राहत नाही. नाटकाचेही असेच आहे. त्याच्या पोटात काय आहे हे आधी ठोठावून पाहावे लागते.

पहिली गोष्ट ही ध्यानात धरावी की, जुन्याचे नवे करणे हा काही आजच्या काळाचा शोध नव्हे. मराठी संगीत रंगभूमीचा प्रारंभच मुळी पुनर्निर्मितीने झाला. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, ते कालिदासाचे संस्कृत नाटक मराठी पदांत बसवून. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्राची कथा मूकपटात आणली. पुढे चित्र बोलू लागले, आणि १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने तीच कथा 'अयोध्येचा राजा' ह्या बोलपटात पुन्हा सांगितली, ह्या वेळी गाण्यांसह. त्यात हरिश्चंद्राचे काम केले व संगीतही दिले ते गोविंदराव टेंबे यांनी. हे नाव विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. १९११ मध्ये 'मानापमान' नाटकास चाली देणारे टेंबे ते हेच. म्हणजे नाटकातील गाणे पडद्यावर नेणारा पहिला पूल ज्यांनी बांधला त्यांत नाटकाचाच एक संगीतकार होता.

तो पूल ओलांडणे सोपे नव्हते. त्या काळी चित्र व ध्वनी एकाच वेळी टिपावे लागत. नटाने कॅमेऱ्यापुढे उभे राहून खरोखर गावयाचे, साथीदारांनी चौकटीबाहेर कोठेतरी दडून वाजवावयाचे, आणि एक सूर चुकला की सारे पुन्हा. त्यामुळे ज्याला गाता येते तोच नायक, हा रंगभूमीचा नियम पडद्यावरही काही वर्षे चालला. पुढे गाणे अगोदर ध्वनिमुद्रित करून नटाने त्यावर केवळ ओठ हालविण्याची सोय झाली. गळा एकाचा व चेहरा दुसऱ्याचा, ही विभागणी तेव्हापासूनची. जुने संगीत नाटक नव्या पडद्यावर येते तेव्हा सर्वांत मोठा बदल येथेच होतो. पोशाख आणि महाल ह्यांच्याकडे डोळे लागतात, म्हणून तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, इतकेच.

नाटक जसेच्या तसे कॅमेऱ्यापुढे उभे केले तर? तोही प्रयोग होऊन गेला आहे. बालगंधर्वांनी १९३७ मध्ये 'साध्वी मीराबाई' ह्या चित्रपटात आपले रंगभूमीवरील काम पडद्यावर आणले. ज्या प्रेक्षकांनी रंगमंदिरात त्यांस डोक्यावर घेतले होते, त्यांस पडद्यावरील हे रूप तितकेसे रुचले नाही. रंगमंदिरात नट व प्रेक्षक एका दिव्याखाली असतात, दाद मिळाली की पद पुन्हा रंगते. कॅमेरा दाद देत नाही. तेव्हा नुसती नक्कल करून भागत नाही, हे त्याच काळी कळून चुकले होते.

मग निकष कोणता लावावा? आम्ही आमच्या वर्गात मुलांस एक साधा प्रश्न घालून दिला आहे: 'ह्या कथेतून गाणे काढून टाकले, तर कथा उरते काय?'

'तुकाराम' घ्या. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला, विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांची भूमिका केली, आणि १९३७ मध्ये व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. ह्या कथेतून अभंग काढले तर काहीच उरत नाही. कारण तंटा अभंगांचाच आहे, आणि इंद्रायणीत बुडविली जाते ती वहीही अभंगांचीच. गंमत अशी की, त्या बोलपटाकरिता शांताराम आठवले यांनी नव्याने रचलेले एक पद इतके अस्सल उतरले की, ते तुकोबांचेच आहे असे पुष्कळांनी धरून चालले. म्हणजे जुन्याच्या शेजारी नवे बेमालूम बसू शकते, मात्र रचणाऱ्याच्या कानात जुने मुरलेले पाहिजे. २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी जितेंद्र जोशी यांस घेऊन 'तुकाराम' काढला, तेव्हा त्यांनी प्रभातच्या चमत्कारांकडे पाठ फिरविली आणि दुष्काळात पोळलेला, संसारी, शंका विचारणारा माणूस दाखविला. दृष्टी पालटली, परंतु अभंग कथेच्या मध्यावर राहिला. म्हणून दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ एक पाहता येतात. दुसरा पहिल्याची जागा बळकावीत नाही.

'कट्यार काळजात घुसली' ह्या नाटकाशी आपणां वैदर्भीयांचे नाते अधिक जवळचे आहे. त्याचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे. त्यातील खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले ही भूमिका ज्यांनी अजरामर केली ते पंडित वसंतराव देशपांडे मूर्तिजापुरास जन्मले व नागपुरास वाढले. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे. पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी झाला. संगीत नाटकास ओहोटी लागून बराच काळ लोटलेला असताना हे नाटक आले आणि लोकांनी ते उचलून धरले. कारण उघड आहे. एका दरबारी गायकीची स्पर्धा, जिंकणाऱ्यास हवेली व एक कट्यार, आणि त्या कट्यारीने केलेला एक खून माफ, अशी ती कथा आहे. दोन गायकांची दोन घराणी, एकाचा शिष्य दुसऱ्याच्या घरी नोकर बनून विद्या चोरू पाहतो. येथे गाणे म्हणजेच शस्त्र, गाणे म्हणजेच चोरीचा माल. एकच पद दोन घराण्यांच्या दोन वळणांनी गायिले जाते, आणि त्या दोन वळणांतील अंतर म्हणजेच नाटकातील भांडण. शास्त्रीय संगीत न शिकलेल्या मुलासही ते अंतर ऐकू येते, हे आम्ही वर्गात पाहिले आहे. गाणे काढा, कथा तत्क्षणी कोसळते.

म्हणूनच ही तुळई भरीव निघाली. सुबोध भावे यांनी २०१० मध्ये हे नाटक रंगभूमीवर पुन्हा बसविले, त्यात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब झाले. आणि २०१५ च्या दिवाळीत भावे यांनीच त्याचा चित्रपट केला. नाटकात पंडित भानुशंकरांचा भाग थोडका आहे. चित्रपटात तो पुष्कळ वाढविला आणि भूमिका शंकर महादेवन यांस दिली. शंकर-एहसान-लॉय यांनी अभिषेकींच्या चालींशेजारी नव्या चाली बसविल्या. कथा सांगते ती स्वतः कट्यार, रीमा लागू यांच्या आवाजात. ही कल्पना रंगभूमीवर उसनी वाटली असती, पडद्यावर मात्र ती शोभली.

वर सांगितलेली गळा व चेहरा ह्यांची विभागणी ह्या एकाच चित्रपटात दोन्ही परींनी दिसते. पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतःच्याच गळ्याने गातात. खाँसाहेब झालेले सचिन पिळगांवकर ओठ हालवितात आणि गातात राहुल देशपांडे. म्हणजे १९६७ मध्ये आजोबांचा गळा व चेहरा दोन्ही जेथे होते, तेथे २०१५ मध्ये नातवाचा गळा तेवढा राहिला. पुन्हा पाहाल तेव्हा ह्या दोघांच्या मानेच्या शिरांकडे लक्ष द्या. पुष्कळ काही कळेल. ह्याच चित्रपटातील गायनाबद्दल महेश काळे यांस उत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

असाच फरक सातासमुद्रापलीकडेही दिसतो. 'वेस्ट साइड स्टोरी' हा अमेरिकेतील प्रसिद्ध संगीतपट १९६१ चा. त्यात मारियाची भूमिका नॅटली वुड यांनी केली, परंतु गाणी मार्नी निक्सन यांनी गायिली. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी २०२१ मध्ये तो पुन्हा काढला, तेव्हा मारिया झालेल्या रेचल झेग्लर स्वतः गायिल्या. शिवाय पोर्तो रिकोच्या माणसांचे स्पॅनिश बोलणे इंग्रजी तळटिपांशिवाय तसेच ठेवले. पहिल्या चित्रपटात अनिता झालेल्या रीटा मोरेनो यांस ऑस्कर पारितोषिक मिळाले होते. साठ वर्षांनी त्याच भूमिकेकरिता आरियाना डिबोस यांस ते मिळाले, आणि वृद्ध रीटाबाई ह्या नव्या चित्रपटातही एका निराळ्या भूमिकेत आहेत. जुन्याचा मान राखून नवे कसे करावे, ह्याचा हा नमुना म्हणता येईल. (कथेचा प्रवास कधी ह्याहून गमतीचा असतो. १९५४ चा अमेरिकन 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' १९८२ मध्ये हिंदीत 'सत्ते पे सत्ता' झाला. त्यात सात भावांपैकी एक झालेले सचिन पिळगांवकर यांनी २००८ मध्ये त्याचाच मराठीत 'आम्ही सातपुते' केला.)

आता 'मानापमान'. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी प्रथम केले. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती, आणि तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडाकरिता मिळून केलेला 'संयुक्त मानापमान'ही इतिहासात नोंदला गेला आहे. कथा अगदी सरळ आहे. श्रीमंतीच्या गर्वाने भामिनी शूर परंतु निर्धन धैर्यधरास नाकारते, मग साध्या मुलीच्या वेषात त्याच्याजवळ राहून त्याचे मोल ओळखते. येथे आमचा प्रश्न विचारा. गाणी काढली तर कथा उरते काय? उरते, परंतु दोन तासांची देखील उरत नाही. प्रेक्षक रात्रभर बसत ते कथेसाठी नव्हे, त्या गळ्यांसाठी. टेंब्यांनी उत्तर हिंदुस्थानातील ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या चाली मराठी पदांस दिल्या, त्या वेळी लोकांच्या कानांस ती मेजवानीच वाटली.

म्हणून २०२५ च्या चित्रपटापुढे अडचण मोठी होती. दिग्दर्शक सुबोध भावेच, धैर्यधरही तेच, आणि भामिनी वैदेही परशुरामी. पूर्वी २०११ मध्ये 'बालगंधर्व' ह्या चित्रपटात भावे यांनीच बालगंधर्वांची भूमिका केली होती, तेव्हा जुन्या नाटकाविषयी त्यांच्या मनात आदर नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. तथापि पदांचा मोठा भाग गळला, त्यांच्या जागी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली, आणि पोकळी भरून काढण्याकरिता महाल, युद्धे व डावपेच ह्यांची गर्दी झाली. डोळ्यांस ते सारे भरघोस दिसते. आमच्या मते मात्र 'कट्यारी'ची पकड त्यास आली नाही, आणि त्याचा दोष कारागिरीचा थोडा, तुळईच्या जातीचा अधिक. जेथे गाणे हा अलंकार आहे, तेथे अलंकार घालणारी व्यक्ती गेली की पुढील पिढीस अलंकाराचे कारण समजत नाही. एवढे मात्र कबूल करावे लागेल की, तो चित्रपट आला नसता तर आमच्या शाळेतील मुलांनी भामिनीचे नावही ऐकले नसते. चित्रपट पाहून आलेल्या एका मुलीने 'मूळ पदे कोठे ऐकावयास मिळतील?' असे विचारले. हा लाभ थोडा नव्हे.

'श्यामची आई' हा काही संगीतपट नव्हे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेला तो कौटुंबिक बोलपट, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविणारा. वसंत देसाईंच्या संगीताने त्यातील गाणी चित्रपटाहूनही दूरवर गेली. शाळेतील छडीचे गाणे तर चित्रपट न पाहिलेली मुलेही म्हणतात. सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये तो पुन्हा काढताना रंग टाळून काळा-पांढराच ठेवला, आणि त्यास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. येथे अडचण उलटी होती. जुने गाणे विसरले गेलेले नव्हते, ते प्रत्येकाच्या ओठांवर होते.

आता एक हानी अशी आहे की, जी चांगल्यातल्या चांगल्या चित्रपटासही टाळता येत नाही. नाटकातील पद दर रात्री निराळे होत असे. गळा लागला तर अर्धा तास, 'वन्स मोअर' मिळाला तर पुन्हा, सर्दी असेल तर आटोपते. चित्रपटातील गाणे चारपाच मिनिटांचे आणि जन्मभर तेच. अर्थात ही कात्री प्रथम चालविली ती चित्रपटाने नव्हे. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर एका बाजूस तीनएक मिनिटेच मावत, आणि बालगंधर्वांसही त्या तीन मिनिटांत आपले पद बसवावे लागले. परंतु तेव्हाच्या श्रोत्यास पर्याय होता. तबकडी ऐकून तो नाटकास जाई.

तो पर्याय पुण्यामुंबईहूनही आम्हां जंगलपट्टीच्या लोकांस अधिक जवळ आहे, हे आमच्यांतील कित्येकांस ठाऊक नसावे. बल्हारशाहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी मागे टाकून आपण वडशास पोहोचतो. कागदोपत्री देसाईगंज म्हटले जाणारे हे गाव झाडीपट्टी रंगभूमीचे माहेर. येथे नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत, आणि दिवाळीच्या सुमारास गावोगावचे पुढारी येथे येऊन आपल्या गावाकरिता नाटक ठरवून जातात. धान घरात आले, भाऊबीज झाली, मंडई व शंकरपट भरू लागले, की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया ह्या जिल्ह्यांतील शेतांत शामियाने उभे राहतात आणि रात्रभर नाटके चालतात. दंडार व खडी गंमत ह्या जुन्या लोककलांच्या मुळांवर वाढलेली ही रंगभूमी आहे. तिच्यात झाडीबोली आहे, विनोद आहे, अलीकडे चित्रपटातील चाली व नाचही शिरले आहेत. जुन्या जाणत्यांस ते खपत नाही, आणि त्यांचे सारेच म्हणणे टाकून देण्याजोगे नाही. परंतु तिकीट काढून हजारो माणसे आजही थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात, आणि नट स्वतःच्या गळ्याने गातात. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांस ह्याच रंगभूमीच्या सेवेबद्दल २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ह्या रंगभूमीवर 'झॉलीवूड' नावाचा चित्रपटही २०२२ मध्ये निघाला. म्हणजे पडद्याने आमचा शामियानाही सोडला नाही!

येत्या हंगामात मुलांस घेऊन जाणाऱ्या पालकांस एवढेच सांगतो की, जागा पुढची धरावी. रंगमंचासमोर साथीदार बसतात, त्यांत ऑर्गन असतो. आमच्या प्रार्थनामंदिरात पायाने भाता मारून वाजवावयाचा जो जुना ऑर्गन मुलांनी पाहिला आहे, त्याच कुळातला. बालगंधर्वांच्या मंडळीतही पदांस ऑर्गनची साथ असे. नट गाताना एखादी तान लांबली, की ऑर्गनवाला मान वर करून त्याच्याकडे पाहतो आणि हात आवरून थांबतो. तान कोठे उतरणार हे त्यासही त्या घटकेस ठाऊक नसते.